विट्यापासून कोइमतूरपर्यंत

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढं, खानापूर तालुक्याच्या कोरडवाहू भागात. 1972 च्या दुष्काळात थोरले चुलते, आमचे तात्या, गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम शिकायला कोइमतूरला गेले. 1991 साली दहावी झाल्यावर त्यांनी मलाही नेलं.

तमिळचा एक शब्द येत नव्हता. राजा स्ट्रीटच्या आसपासच्या सराफांकडून जुनं सोनं आणायचं आणि गाळून द्यायचं. सोन्यात तिप्पट चांदी घालून वितळवायची, मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी विरघळते, तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात आटवली की चोख सोनं. विरघळलेली चांदीही सोडायची नाही. त्या पाण्यात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी खाली बसते. दुकानाची झाडलोटसुद्धा डब्यात भरून ठेवायची, त्या धुळीतही सोनं असतं. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. घरी आई भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची, आणि तांब्याभर पाणी सांडलं तर दिवसभर बोलणी खावी लागायची.

1996 मध्ये स्वतःची भट्टी लावली. दुसऱ्याच महिन्यात एका सराफाच्या मालात दीड ग्रॅमची घट आली. त्याला अजून कळलंही नव्हतं. मी तात्यांकडं गेलो. ते म्हणाले, "घरचं घाल आन् वजन पुरं करून दे. आज तू झाकलंस, तर उद्या आपल्याकडच्या पोराला हितं कुणी दारात उभं करायचं न्हाई." बायकोनं न बोलता कानातली फुलं काढून दिली. पुढं जुनी मूस कुटली, तेव्हा तिच्या भेगांत आमचं सोनं निघालं. त्याचीच फुलं पुन्हा घडवली, ती आजही तिच्या कानात आहेत. तो सराफ अजून आमच्याकडंच येतो, आता मुलाला घेऊन.

बाकी वाढ हळूहळू झाली. टंच काढायला, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायला मशीन घेतलं, 2021 ला हॉलमार्क सक्तीचा झाल्यावर कामाची पद्धत बदलली. सहा माणसं आहेत, चार आपल्याच तालुक्यातली. दुपारी सगळे एका पंगतीला बसतो, मीही.

आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलंय. धाकटा भाऊ द्राक्षं घेतो. गावाकडून पोरं मिळणं अवघड झालंय, आणि खरं सांगतो, त्याचा मला आनंदच होतो.