आधी बघणारी

आमची लेक चालायला लागली ती सोळा महिने पूर्ण झाल्यावर, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी. पिंपळगावहून माझ्या मामेभावाने द्राक्षांचे क्रेट पाठवले होते आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीवरच ठेवलेले होते. लेक चार-पाच हातांवर दिवाणाला धरून उभी होती. तिने क्रेटकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे पाहिले, पुन्हा क्रेटकडे पाहिले आणि दिवाणाची कड सोडून, सहा पावले टाकून ती क्रेटपाशी पोहोचली. ती डगमगली नाही, पडली नाही. तिथे उकिडवी बसून तिने एका घडातला एकच मणी दोन बोटांच्या चिमटीत धरून खुडला आणि माझ्यासमोर धरला. सासूबाई कणीक मळत होत्या. त्यांचे हात तसेच परातीत राहिले.

तो मणी मी उभा चिरून, त्याच्या चार फोडी करून तिच्या हातावर ठेवला. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकले तर श्वासाचा मार्ग पूर्ण बंद होऊ शकतो, म्हणून चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलाला द्राक्ष उभे चिरूनच द्यावे. नाशिकमधल्या प्रत्येक घराला हे ठाऊक असायला हवे, कारण हंगामात आपल्याकडे द्राक्षे मुलांच्या हाताच्या उंचीवरच पडलेली असतात.

त्या सहा पावलांआधीचे काही महिने आमच्या घराने काळजीत काढले होते. लेक सातव्या महिन्यात आधाराशिवाय बसू लागली, पण रांगली मात्र कधीच नाही. बसल्या जागी एक पाय दुमडून, दुसऱ्या पायाने रेटा देत ती बुडावर सरकत असे आणि तशीच दिवाणखान्यातून देवघरापर्यंत जात असे. सासूबाई म्हणत, "अगं, रांगल्याशिवाय मूल चालतं का कधी?" त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, त्यांनी तीन मुले वाढवली होती आणि तिन्ही मुले रांगत रांगतच उभी राहिली होती. त्यांनी माळ्यावरून माझ्या नवऱ्याचा लाकडी पांगुळगाडा उतरवला आणि स्वतः तेलपाणी करून त्याची चाके फिरती केली. शेजारच्या काकूंनी, तितक्याच आपुलकीने, मुलाला आत बसवतात तो चाकांचा वॉकर आणून दिला.

पांगुळगाडा राहिला, वॉकर परत गेला. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते आणि तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. वॉकरमध्ये मात्र ते झोळीत बसल्यासारखे असते. पायाच्या बोटांनी ढकलत ते क्षणात जिन्यापर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोहोचते, आणि चालायला शिकण्यात त्याची काहीच मदत होत नाही. अशा वॉकरमुळे होणाऱ्या अपघातांपायी कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. काकूंना मी हे नीट समजावून सांगितले, तेव्हा त्यांनीही तो वॉकर दुसऱ्या कुणाला न देता भंगारात टाकला.

चालण्याच्या वयाबद्दल मला खरा धीर आला तो जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासामुळे. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांचे बसणे, उभे राहणे, रांगणे आणि चालणे नोंदवून २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला, म्हणजे सर्वांत लवकर आणि सर्वांत उशिरा चालणाऱ्या निरोगी मुलांमध्ये नऊ महिन्यांहून अधिक अंतर होते. शिवाय ४.३ टक्के मुले हातापायांवर रांगलीच नव्हती. हा आकडा मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि संध्याकाळी दिवा लावताना आबांनाही सांगितला.

पण आकड्यांनी धीर येतो तो तपासून घेतल्यावरच. दहाव्या महिन्यातच आम्ही लेकीला बालरोगतज्ज्ञांकडे नेले होते. त्यांनी तिचे कमरेचे सांधे पाहिले, हातापायांतली ताकद पाहिली, दोन्ही हात ती सारखेच वापरते का हे पाहिले आणि बुडावर सरकणारी मुले पुष्कळदा थोडी उशिराच चालतात, असे सांगितले. पुढे गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचा, बूस्टर देण्यासाठी गेलो, तेव्हा मी उत्साहाने तिच्या चालण्याचे वर्णन करू लागले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "बोट दाखवते का? काही आवडलं की तुम्हीही ते बघावं म्हणून?"

हा प्रश्न मला तेव्हा किरकोळ वाटला होता. आज तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हवी असलेली वस्तू मागण्यासाठी बोट दाखवणे वेगळे आणि दिसलेली गोष्ट दुसऱ्यालाही दिसावी म्हणून बोट दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मुलाला काहीच नको असते. आपण जे पाहतो आहोत ते आईनेही पाहावे, एवढेच हवे असते. दीड वर्षाच्या आसपास मूल असे बोट दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. आमची लेक गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो की तिथल्या रामकुंडावरच्या कबुतरांकडे बोट दाखवून माझ्या तोंडाकडे पाही, आणि मी कबुतरांकडे पाहिले आहे याची खात्री झाल्यावरच हात खाली घेई. तिचे पाहणे आणि दाखवणे हे तिच्या चालण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेले होते. आम्ही सगळे तिचे पायच मोजत बसलो होतो.

तिच्या या पाहण्याबद्दलच मला मुख्यतः लिहायचे आहे, कारण त्याच स्वभावाला घरातल्या समारंभांत वेगळे नाव मिळत होते. संक्रांतीनंतर आम्ही तिचे बोरन्हाण केले. काळे झबले, हलव्याचे दागिने, पाटावर बसलेली लेक आणि भोवती आळीतली दहा-बारा मुले. बिया घशात अडकतील या भीतीने आम्ही बोरे मोजकीच घेऊन ती मोठ्या मुलांकडे टाकली होती. लेकीच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे ओतले. मुलांची झुंबड उडाली. लेक हलली नाही, रडली नाही. मांडीवर पडलेला एक चुरमुरा हातात धरून ती एकेका मुलाचे तोंड निरखत राहिली, आणि सगळी मुले खाऊ घेऊन पांगल्यावर, खोली रिकामी झाल्यावर, पाटावरून खाली सरकून तिने एकटीने चुरमुरे वेचायला सुरुवात केली. त्या दिवशी जमलेल्या एका नातेवाईक बाई जाताना म्हणाल्या, "पोर गोड आहे, पण घुमी आहे हो जरा."

तो शब्द मला फार लागला. घुमे मूल म्हणजे मनातले बाहेर न काढणारे मूल, आणि इथे तर जे दिसेल ते दाखवल्याशिवाय हिला चैन पडत नव्हते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या मुलांच्या स्वभावाचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास सुरू केला होता. मूल किती चळवळे आहे, नव्या गोष्टीकडे झेपावते की मागे सरते, बदलाशी किती लवकर जुळवून घेते, अशा नऊ अंगांनी त्यांनी स्वभाव पाहिला. त्यातली सुमारे १५ टक्के मुले अशी होती की नवे माणूस किंवा नवी जागा दिसली की आधी मागे राहत, आणि कुणी घाई केली नाही तर आपल्या गतीने त्यात मिसळत. आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे : रुळणे. काही मुले झटकन रुळतात, काही सावकाश. त्या दोघांनी आणखी एक गोष्ट मांडली, ती मला स्वभावाच्या प्रकारांपेक्षाही मोलाची वाटते. मुलाचा स्वभाव चांगला की वाईट यापेक्षा तो घरच्यांच्या अपेक्षांशी आणि वागण्याशी किती जुळतो, यावर पुढचे पुष्कळ काही ठरते. सावकाश रुळणाऱ्या मुलाला 'जा ना, जा ना' करून पुढे ढकलले तर ते आणखी मागे सरते. मीच तिला तसे कितीदा ढकलले होते, हे आठवून मला वाईट वाटले. त्यानंतर मी ते थांबवले.

स्वतःची ओळख तिला पटली तीही बघता बघताच. सासूबाई रोज अंघोळीनंतर तिच्या गालावर काजळाची तीट लावतात. पंधराव्या महिन्यापर्यंत ती आरशातल्या बाळाच्या गालाला हात लावी, कधी आरशामागे कोण आहे ते पाही. विसाव्या महिन्यात एका सकाळी ती कपाटाच्या आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिने हात आरशाकडे न नेता स्वतःच्या गालाकडे नेला. काजळ बोटाला लागले. ते बोट तिने आधी स्वतः पाहिले, मग मला दाखवले. बालमानसशास्त्रात हाच प्रयोग मुलांच्या नाकाला नकळत रंग लावून करतात. ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि साधारण दीड वर्षानंतर मुले आरशातला डाग स्वतःच्या चेहऱ्यावर शोधू लागतात असे त्यातून दिसले. आपल्या घरांत तीट लावणाऱ्या आज्या हा प्रयोग रोजच करत आलेल्या आहेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत 'माझं' आले, आणि 'नाही' आले. चप्पल मी घालून दिली की ती काढून, पुन्हा उलट्या पायांत घालून, मगच घराबाहेर पडणे सुरू झाले. या वयातल्या अशा वागण्याला हट्ट म्हणतात, आणि तो दमवणारा असतो यात शंका नाही. पण आपण वेगळे कुणीतरी आहोत हे ज्याला नुकतेच कळले आहे, ते मूल ती गोष्ट करून पाहणारच. मी आता बाहेर पडायच्या वेळेआधी दहा मिनिटे चपला काढून ठेवते.

शब्द बाकीच्या मुलांच्या मानाने कमी होते, तरी समज पुरेपूर होती. 'आबांचा चष्मा आण' म्हटले की ती आणत असे. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर आम्ही पूर पाहायला गेलो. नाशिककर गोदावरीच्या पुराचे माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी बातमी गावभर जाते. त्या दिवशी ते कमरेच्या वर होते. लेक आबांच्या कडेवरून गप्प पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने बोट केले आणि म्हणाली, "मालुती पानी." दोन शब्द जोडून तिने काढलेले ते पहिले वाक्य. आबांचे डोळे भरून आले.

आता दोन वर्षे पूर्ण होताना ती वाक्ये बोलते, आणि त्यांतून घरातला कोण तिच्याशी किती बोलतो हेही कळते. 'मला पाहिजे' याऐवजी ती 'तुला पाहिजे' म्हणते, कारण आम्ही सगळे तिला 'तुला पाहिजे का?' असेच विचारतो. आणि 'मी जातो', 'मी बघतो' म्हणते, कारण दिवसाचा बराच वेळ ती आबांबरोबर असते. मी तिला थांबवून सुधारत नाही; फक्त उत्तरात 'हो, तू बघतेस, मी पण बघते' असे म्हणते.

एका बालवर्गात आम्ही तिला जूनमध्ये आठवडाभर घालून पाहिले होते. तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी सांगितले, की मूल मिसळत नाही, काही कमी असेल तर दाखवून घ्या. तपासून घेण्याला माझा कधीच विरोध नाही. चौदा-पंधरा महिन्यांच्या मुलाने एकही शब्द काढला नसेल, दीड वर्ष होऊनही ते चालत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल, किंवा कोणत्याही वयात आलेली गोष्ट, म्हणजे शब्द, हसणे, नजर मिळवणे, हरवू लागली असेल, तर 'याचे बाबाही उशिराच बोलले होते' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची अशी तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे जाण्यात कमीपणा नाही, आणि जितके लवकर जावे तितका उपयोग जास्त. आमच्या डॉक्टरांनी मात्र लेकीला पुन्हा पाहून सांगितले, की तीन दिवस हा तिच्यासाठी फारच थोडा अवधी आहे. आम्ही तिला वर्गातून काढले. पुढच्या वर्षी पाहू.

परवा संध्याकाळी गंगापूर रोडच्या बाजूच्या एका बागेत तिला घेऊन गेले होते. घसरगुंडीवर मुलांची रांग होती. ती शिडीपासून चार पावलांवर उभी राहिली. एक मुलगा वर चढला, बसला, खाली आला. तिची मान त्याच्याबरोबर वर गेली, खाली आली. मी नकळत तिच्या पाठीला हात लावला. तिने तो हात बाजूला केला आणि शिडीवरची नजर न काढता म्हणाली, "थांब. मी बघतो."

मी मागे जाऊन कट्ट्यावर बसले. तिने काढून ठेवलेल्या चपला माझ्या मांडीवर होत्या. अंधार पडेपर्यंत ती चढली नाही. घरी येताना कडेवर तिने मला सगळे सांगितले : दादा वर, दादा धप्प, ताई वर, ताई धप्प.