पॉइंट शूज घातले म्हणून नृत्य क्लासिकल होत नाही

नृत्यस्पर्धेत गुण देणे हे परीक्षकांचे काम असले, तरी आलेले प्रत्येक नृत्य योग्य विभागात दाखल झाले आहे की नाही, हे त्याआधी कोणीतरी पाहावे लागते. ते काम माझ्याकडे असते. एरवी ते जवळजवळ कारकुनीच. मात्र त्या दिवशीच्या तालमीत एका प्रवेशिकेवरून जो वाद झाला, त्याने विभागांच्या व्याख्याच पणाला लागल्या.

प्रवेशिका ‘क्लासिकल बॅले’ विभागात होती आणि नृत्य शिक्षिकेने स्वतः बसवलेले होते. मुलीच्या पायांत पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठीचे कडक टोकाचे बूट), अंगात झिरझिरीत स्कर्ट आणि साथीला व्हायोलिन. सुरुवातीचे अराबेस्क, म्हणजे एका पायावर उभे राहून दुसरा मागे ताणणे, नेटके होते, मांड्या कंबरेपासून बाहेर वळलेल्या होत्या. पुढे मात्र गुडघे समोर आले, पोट आत ओढले जाऊन पाठ कमानीसारखी गोल झाली, आणि मुलगी एका खांद्यावरून जमिनीवर लोळून उठली. तिथून शेवटपर्यंत शरीराचे वजन खालीच ओढले जात होते.

मी विभाग बदलण्यास सुचवताच शिक्षिका म्हणाल्या, “मॅडम, मुलगी पॉइंटवर आहे, संगीत शास्त्रीय आहे, आणखी काय हवे?”

हा गैरसमज फार जुना आहे आणि तो समजण्यासारखाही आहे, कारण बॅले नर्तकी मारी ताल्योनीने 1832 मध्ये ‘ला सिल्फिद’ हा बॅले पॉइंटवर नाचल्यापासून बॅले म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर तो बूटच येतो. परंतु बूट हे साधन आहे. क्लासिकल विभागात आम्ही पाहतो तो शरीराचा अक्ष: टर्नआउट, म्हणजे मांड्यांचे ते बाहेर वळणे, टिकतो का, कणा उंच राहतो का, हातांच्या ठरलेल्या अवस्था सांभाळल्या जातात का, उडी जमिनीचा भार जाणवू देते का. म्हणूनच या विभागात बहुतेक जण एकोणिसाव्या शतकातील बॅले-रचनाकार पेतिपाच्या परंपरेतील एखादे व्हेरिएशन (छोटे एकल नृत्य) निवडतात. त्यात लपायला जागा नसते. याउलट पोट आकुंचित करून पुन्हा सोडण्याचे जे तंत्र अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहम यांनी रूढ केले, ते आधुनिक नृत्याचे आहे. या मुलीच्या रचनेचा गाभा नेमका तोच होता.

शिक्षिका अभ्यासू होत्या. त्यांनी निओक्लासिकलचा, म्हणजे क्लासिकल बॅलेचे नियम ताणणाऱ्या शैलीचा, मुद्दा काढला, आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नव्हता. नृत्यरचनाकार बॅलन्शीन यांच्या 1928 च्या ‘अपोलो’मध्येही कंबर तिरकी होते, हात मोडतात, तोल मुद्दाम ढळवला जातो, तरीही त्याला बॅलेच म्हणतात. आमच्या नियमावलीत निओक्लासिकलला स्वतंत्र विभाग नव्हता, ही माझ्या मते नियमावलीची उणीवच होती. तरीही फरक उरतोच. तिथे हालचालींचा शब्दसंग्रह बॅलेचाच राहतो, फक्त तो ताणला जातो. इथे बॅले केवळ प्रस्तावनेपुरता होता. मी चित्रफीत पुन्हा लावली आणि कोणत्या क्षणानंतर टर्नआउट परत येतो ते दाखवा, अशी त्यांना विनंती केली. तो परत येत नव्हता.

नृत्य कंटेम्पररी (समकालीन नृत्य) विभागात हलवण्यात आले. शिक्षिकेला ही शिक्षा वाटली, पण तसे नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये 1973 पासून भरणाऱ्या लोझानच्या बॅले स्पर्धेतसुद्धा स्पर्धकाला क्लासिकल आणि कंटेम्पररी अशी दोन्ही व्हेरिएशन्स करावी लागतात, कारण एकात कसलेले शरीर दुसऱ्यात चाचपडू शकते. कंटेम्पररीमध्ये जी गोल पाठ गुण मिळवते, तीच क्लासिकलमध्ये दोष म्हणून नोंदली जाते. पॉइंट शूज काढायची गरज नव्हती. कंटेम्पररीत ते चालतात.

दुपारी लिरिकल आणि जॅझचा गुंता आला, तो मात्र मला पूर्ण सोडवता आला नाही. गाणे भावपूर्ण असले की शिक्षक ‘लिरिकल’ लिहून मोकळे होतात. त्या नृत्यात मात्र खांदे आणि कंबर सुटेसुटे हलत होते, ठेका तालाच्या अधल्यामधल्या जागांवर पडत होता, म्हणजे जॅझची सगळी लक्षणे होती. पण शब्दांशी जुळलेल्या सलग, वाहत्या हालचालींनी, म्हणजे लिरिकलच्या खुणांनी, निम्मे नृत्य व्यापले होते. दोन परीक्षकांची दोन मते पडली. शेवटी ते खुल्या विभागात ठेवले आणि नियमावलीत निओक्लासिकलबरोबर याही सीमेची स्पष्ट व्याख्या घालावी, अशी टिपणी मी आयोजकांना लिहून दिली.