फाइटिंग गेम, नवखे खेळाडू आणि हातांचा वेग

फाइटिंग गेम, म्हणजे पडद्यावर दोन पात्रांची समोरासमोर मारामारी लावणारा खेळ, शिकायला बसलेला नवखा खेळाडू सलग काही मॅच हरला की एक निष्कर्ष काढून मोकळा होतो: आपले हात हळू चालतात, हा खेळ आपला नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्याकडे खेळायला येणाऱ्या बहुतेक मुलांच्या तोंडून मी हे ऐकले आहे आणि मला ते मुळातच पटत नाही.

'स्ट्रीट फायटर ६' आणि 'टेकन ८' हे दोन्ही फाइटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे) या गतीने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. डोळ्यांना काही दिसल्यावर बोट हलवायला सामान्य माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजेच १२ ते १५ फ्रेम लागतात. टेकनमधला उभ्याने मारलेला साधा पंच मात्र १० फ्रेममध्ये लागतो आणि 'स्ट्रीट फायटर ६'मधल्या र्‍यू या पात्राचा हलका पंच तर ४ फ्रेममध्येच. असा पंच पाहून अडवणे नामांकित खेळाडूंनाही जमत नाही. ते आधीपासून ब्लॉक (फटका झेलणारा बचाव) धरून असतात, किंवा कबड्डीतला चढाईपटू बचावपटूंच्या हाताच्या टप्प्याबाहेर घुटमळत राहतो तसे पंच पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभे राहतात.

फाइटिंग गेमच्या २००४ च्या इव्हो स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वोंगच्या चुन-ली या पात्राच्या सलग १५ लाथा 'पॅरी' करून, म्हणजे प्रत्येक लाथ लागण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबून जराही इजा न होता परतवून, मॅच फिरवली. ब्लॉक केलेली अशी चालही थोडा जीव घेते, आणि दाइगोच्या केन या पात्रात इतका कमी जीव उरला होता की नुसत्या ब्लॉकने तो हरला असता. लोक त्या चित्रफितीकडे बोटांची जादू म्हणून पाहतात. पण वोंग ती चाल करणार हा अंदाज दाइगोने आधीच बांधला नसता, तर पहिलीच लाथ लागली असती.

मग नवख्याने डोळे कुठे ठेवायचे? जे खरोखर पाहून अडवता येते तिथे. 'स्ट्रीट फायटर ६'मधली उडी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ हवेत असते आणि 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' हा जबर फटका लागायला २६ फ्रेम घेतो. उडी मारून येणाऱ्याला र्‍यूच्या खाली बसून मारलेल्या जड पंचाने हवेतच पाडणे, एवढी एकच गोष्ट ठरवून खेळायला बसावे, आणि मॅच हरली तरी किती उड्या अडवल्या तेच पाहावे. लांबलचक कॉम्बोंचा (एकाला एक जोडून मारलेल्या फटक्यांचा) सोस तोवर बाजूला ठेवलेला बरा. (१९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये कॉम्बो मुळात योजलेलेच नव्हते, ते ओघात सापडले, हे मला फार आवडते.)

हरल्यावर 'मी का हरलो' असे न विचारता 'कोणता फटका मला पुन्हा पुन्हा लागला' असे विचारावे, कारण या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. तोच फटका ट्रेनिंग मोडमध्ये, म्हणजे खेळातल्या सरावाच्या भागात, समोरच्या पुतळ्यासारख्या पात्राला शिकवून त्याच्याकडून मारून घेता येतो; 'टेकन ८'मध्ये तर झालेल्या मॅचचा रिप्ले चालू असताना मध्येच आपल्या पात्राचा ताबा घेऊन दुसरा डाव करून पाहता येतो. शेजारी बसून पाहणाऱ्याचाही उपयोग करून घ्यावा. माझा चुलत भाऊ स्वतः फारसा खेळत नाही, पण एकदा मागून म्हणाला, "दादा, तो खाली ब्लॉकच नाही करत, पायालेच मार नं त्याले." त्या सामन्यातले सर्वांत उपयुक्त निरीक्षण तेच होते.

गावातल्या इंटरनेटचा मुद्दा वेगळा. ऑनलाइन मॅचसाठी वापरल्या जाणाऱ्या रोलबॅक पद्धतीत खेळ समोरच्याच्या पुढच्या बटणाचा अंदाज बांधून चित्र दाखवतो आणि अंदाज चुकला तर ते मागे घेऊन दुरुस्त करतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सिग्नल खालीवर होत असेल तर ही दुरुस्ती डोळ्यांना उड्यांसारखी दिसते. अशा संध्याकाळी रँकच्या (क्रमवारीत मोजल्या जाणाऱ्या) ऑनलाइन मॅच लावूच नयेत. एका पडद्यावर दोघांनी खेळावे, दुसरा कंट्रोलर नसेल तर आळीपाळीने ट्रेनिंग मोड घ्यावा, आणि लाइन गेलीच तर मोबाइलवर आपल्या पात्राच्या फ्रेमचे आकडे वाचावेत. प्रत्येक चालीचा आकडा पाठ करण्याची गरज नाही. आपला सर्वांत वेगवान फटका किती फ्रेमचा आणि ब्लॉक झाल्यावर आपली कोणती चाल आपल्यालाच अडचणीत आणते, एवढे सुरुवातीला पुरते.