लाकडी ट्रॅक की प्लॅस्टिकचा? रत्नागिरीच्या हवेत

स्लॉट कारचा, म्हणजे ट्रॅकच्या खाचेत अडकून विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांचा नाद लागला की हा प्रश्न येतोच. माझ्याकडे १:३२चा (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढ्या गाड्यांचा) प्लॅस्टिक ट्रॅक आहे, जोडा, खेळा, परत खोक्यात भरा, आणि गाडीच्या पोटातलं मॅग्नेट ट्रॅकमधल्या, वीज देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना धरून ठेवतं त्यामुळे वळणावर भरधाव घेतली तरी चिकटून राहते, मुलं खूश. पण आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जून ते सप्टेंबर खोकं माळ्यावर राहिलं आणि गणपतीत उघडलं तर पट्ट्यांवर तांबूस गंज, गाडी दर जॉइंटला आचके देत होती. अर्धा दिवस पॉलिश पेपर घासत बसलो (बायको म्हणाली, एवढं मखराला घासलं असतं तर!).

लाकडी ट्रॅकला जॉइंटच नाहीत, राउटरने (लाकडात खाच कोरायच्या मशीनने) खाच पाडायची, दोन्ही बाजूला विजेसाठी कॉपर टेप. तांब्याला मॅग्नेट धरत नाही, म्हणजे गाडी टायरच्या ग्रिपवर पळते, मागचं ढुंगण घसरतं, आणि खरी मजा तीच आहे राव. तांबंही काळं पडतं, पण पुसलं की झालं.

फक्त एमडीएफ (लाकडाच्या भुश्शाचा दाबलेला बोर्ड) नको. आमच्या सुताराने एक तुकडा पाऊसभर पडवीत ठेवून दाखवला, कडा भिजलेल्या टोस्टसारख्या फुगलेल्या. मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूड, महाग आहे पण तोच घेतोय, खालूनसुद्धा रंग मारून. अडचण एकच, आठ बाय चार फुटांचा हा प्रकार ठेवायचा कुठे? आंब्याच्या पेट्या आधीच अर्धी पडवी खातात.