फुकटच्या अपॉइंटमेंटचे १८० युरो : तोक्योहून बार्सिलोनाला जाणाऱ्यांसाठी

"जपानमध्ये जीव घुसमटतो, स्पेनमध्ये माणूस मोकळा होतो." निघण्याआधी हे आम्हाला निदान चार जणांनी ऐकवलं. नंतर कळलं की चौघंही स्पेनला आठवडाभराच्या सहलीला गेलेले. रहिवासी कार्ड काढायची वेळ एकावरही आलेली नव्हती. आम्ही जानेवारी २०१९ ते फेब्रुवारी २०२३ तोक्योच्या निशी-कासाईत राहिलो आणि सप्टेंबर २०२३ पासून बार्सिलोनात आहोत. नवरा, मी आणि आता नऊ वर्षांची मुलगी. आमच्यामागून येणाऱ्यांना तरी भुर्दंड बसू नये म्हणून हे लिहितेय. नोकरी पक्की आहे, व्हिसा हातात आहे, तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीशी आहे आणि तिथली भाषा शिकायची तयारी आहे, असं गृहीत धरते. यातलं काही नसेल तर आधी ते बघा.

जपानचा धक्का पैशांचा, आणि तो पहिल्याच आठवड्यात बसतो. आमच्या घराचं भाडं महिना १,३०,००० येन. किल्ली हातात येईपर्यंत भरले ६,४०,०००. एक महिन्याचं डिपॉझिट, म्हणजे शिकिकिन. एक महिन्याचं रेइकिन, म्हणजे घरमालकाला दिलेली भेट, ती कधीच परत येत नाही. एजंटाचा एक महिना आणि त्यावर कर. जामीन राहणाऱ्या कंपनीला अर्धा महिना. मग विमा, कुलूप बदलायचे पैसे आणि पहिल्या महिन्याचं भाडं. एवढं भरून आत गेलो तर घरात दिवासुद्धा नव्हता. छताला नुसतं होल्डर, गॅसची शेगडी नाही, पडदे नाहीत. पहिली रात्र आम्ही मोबाइलच्या टॉर्चवर काढली. दर दोन वर्षांनी करार वाढवताना आणखी एक महिन्याचं भाडं द्यावं लागतं, ते वेगळंच.

पण हा सगळा हिशेब एजंटाने सह्या करायच्या आधी एका कागदावर ओळीने लिहून दिला होता आणि शेवटी एक येनही इकडचा तिकडे झाला नाही. महाग आहे, पण फसवणूक नाही. त्यातूनही वाचायचं असेल तर सरळ यूआरची, म्हणजे सरकारी गृहसंस्थेची, भाड्याची घरं बघा. तिथे रेइकिन नाही, एजंट नाही, जामीन नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत. फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पगाराची अट. निशी-कासाईत इतके भारतीय यूआरमध्ये का राहतात हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं.

कागदपत्रांचं म्हणाल तर नारिता विमानतळावर उतरलो तेव्हा रांगेतच रहिवासी कार्ड हातात पडलं. घर ठरल्यापासून १४ दिवसांत प्रभाग कार्यालयात जाऊन कार्डामागे पत्ता छापून आणायचा. टोकन घेतल्यापासून बाहेर पडेपर्यंत सव्वा तास लागला. भारतात जाऊन परत यायचं असेल तर विमानतळावरच्या फॉर्मवर एका चौकटीत खूण करायची आणि वर्षाच्या आत परतायचं, एवढंच. हे सगळं तेव्हा आम्ही गृहीत धरलं. किंमत कळली ती बार्सिलोनात.

जपानी शिस्तीची भीती घालणारे कचऱ्याबद्दल बोलतात ते मात्र खरं. दुसऱ्याच आठवड्यात आमची पिशवी कचरा नेण्याच्या जागी, कावळ्यांसाठी पसरलेल्या जाळीखाली तशीच पडून राहिली. वर एक चिकटपट्टी. जळणाऱ्या कचऱ्यात मी तळणीचा जुना डबा टाकला होता. शेजारच्या आजी दारात आल्या, एक शब्द न बोलता आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि दोनदा वाकून निघून गेल्या. लाज वाटली. पण तक्ता होता, तो चुकत नव्हता, आणि तिसऱ्या आठवड्यापासून आम्हीही चुकलो नाही.

निशी-कासाईतल्या बाकी आयुष्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते बरं गेलं. मेथी मिळते, भारतीय शाळा आहेत, गणपती बसतात. २०१९ मध्ये एदोगावा प्रभागाच्या परिषदेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच. सकाळची मेट्रोची तोझाई लाइन मात्र टाळता आली तर टाळा. किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ मध्ये क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं असायची. मी सातच्या आत निघायचे.

आता बार्सिलोना.

स्पेनमध्ये आल्यापासून एक महिन्याच्या आत परदेशी रहिवाशाच्या कार्डासाठी, म्हणजे तिए साठी, पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यायचे असतात. ठसे द्यायला ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, तिला इथे 'सिता' म्हणतात. ही सिता फुकट आहे. हे वाक्य दोनदा वाचा. सिता फुकट आहे. कार्डाची सरकारी फी माणशी १६ युरोच्या आसपास, ती बँकेत भरायची. दुसरा कुठलाही खर्च नाही.

पण वेळ मिळते कुठे? साइट उघडायची, प्रांत निवडायचा, पासपोर्टचा नंबर, नाव, राष्ट्रीयत्व टाकायचं आणि शेवटी एकच ओळ यायची : या क्षणी वेळ उपलब्ध नाही. सकाळी आठला, दुपारी दोनला, रात्री बाराला, तीच ओळ. चार-पाच वेळा प्रयत्न केला की साइट आपल्यालाच काही काळ बंद करून टाकते. आणि कार्ड तिघांची, म्हणजे वेळा तीन. एकोणीस दिवस आम्ही दोघं आळीपाळीने बसलो. बँक म्हणे कार्ड आणा, मग खात्याचं बघू. मोबाइल कंपनी म्हणे बँक खातं आणा.

विसाव्या दिवशी जवळच्या एका दुकानात गेलो. फोन आणि पैसे पाठवायची दुकानं असतात तसं. काउंटरवरच्या माणसाने वहीत तीन नावं लिहिली आणि म्हणाला, माणशी ६० युरो, उद्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी खरंच तीन वेळा आल्या. सरकारी साइटवर माणसांना वेळ मिळत नाही आणि वहीतल्या माणसाला एका दिवसात तीन मिळतात, याचा अर्थ सरळ आहे : कुणीतरी वेळा अडवून ठेवतं आणि विकतं. अशा टोळ्यांवर स्पेनच्या पोलिसांनी अनेकदा कारवाई केली आहे, तरी धंदा चालूच आहे. मी पैसे दिले, कारण महिना संपत आला होता. ते देताना हात थरथरत होता. आजही तो व्यवहार मनातून जात नाही.

ठशाच्या दिवशी खिडकीपलीकडच्या पोलीसबाईंनी मुलीची फाइल उघडली, फी भरल्याचा फॉर्म उलटसुलट केला आणि परत सरकवला. नवऱ्याच्या आणि माझ्या फॉर्मवर बँकेचा शिक्का होता, मुलीच्या फॉर्मवर नव्हता. कॅशियरने तीन फॉर्म घेतले होते आणि दोनवरच शिक्का मारला होता. त्या बँकेत रोख भरणा सकाळी अकरापर्यंतच, आणि तेव्हा वाजले होते साडेअकरा. "अगं, पावती दाखव ना त्यांना," नवरा म्हणाला. दाखवली. शिक्का हवा. मुलीची वेळ गेली, ६० युरो गेले.

तिची वेळ मग मी स्वतः काढली, आणि हाच या सगळ्या लिखाणातला कामाचा भाग. बार्सिलोना शहराचं कार्यालय निवडू नका. कार्ड प्रांताचं असतं, शहराचं नाही, त्यामुळे प्रांतातलं कुठलंही पोलीस कार्यालय चालतं. यादीत 'कुठलंही' हा पर्याय ठेवा, नाहीतर मानरेसा, मातारो, विक अशी लांबची गावं एकेक करून बघा. सोमवारी सकाळी मला मानरेसाची वेळ मिळाली, फुकट. बार्सिलोनाच्या कातालुन्या चौकातून आर-४ लोकल पकडली, दीड तासाच्या आत पोचलो. कार्यालयात आमच्यापुढे चार माणसं होती. वीस मिनिटांत मुलीचे ठसे झाले. लांब म्हणून जे गाव टाळलं, तिथे सगळ्यांत सोपं काम झालं. जाताना कार्डाच्या अर्जाचा ईएक्स-१७ फॉर्म, शिक्का मारलेला फीचा ७९०-०१२ फॉर्म, एक फोटो, पासपोर्ट, व्हिसाच्या मंजुरीची प्रत आणि नगरपालिकेचा पत्त्याचा दाखला न्या. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. शिक्के बँकेच्या दारातच मोजा.

घराचं प्रकरण दुसरं. मे २०२३ च्या गृहनिर्माण कायद्याने कायम राहण्याच्या घरासाठी एजंटाचे पैसे घरमालकाने द्यायचे आहेत. वाचून बरं वाटलं. प्रत्यक्षात आम्हाला दाखवलेल्या नऊ घरांपैकी सात 'हंगामी' करारावर, अकरा महिन्यांच्या. हंगामी म्हटलं की तो नियम तेव्हा लागत नव्हता. १,३५० युरो भाडं, दोन महिन्यांचं डिपॉझिट, एजंटाचा एक महिना आणि त्यावर २१ टक्के कर. एकूण ५,६८३ युरो ५० सेंट. नवऱ्याची नोकरी तीन वर्षांची, मुलगी इथल्या शाळेत, आणि कागदावर आम्ही हंगामापुरते आलेले पाहुणे! अकराव्या महिन्यात भाडं वाढवून मागितलं. आम्ही घर सोडलं.

माझं स्पष्ट मत : कुटुंब घेऊन येत असाल तर हंगामी करारावर सही करू नका, मग दोन आठवडे जास्त शोधावं लागलं तरी चालेल. सही करावीच लागली तर आपण इथे का आणि किती वर्षांसाठी आलोय याचा ईमेल पुरावा म्हणून एजंटाला आधी पाठवून ठेवा. डिपॉझिट इन्कासोल या सरकारी संस्थेकडे जमा केल्याची पावती मागा. कातालुन्यात, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रदेशात आहे तिथे, घरमालकाला ते या संस्थेकडे भरावंच लागतं. आमच्या मालकाने भरलं नव्हतं. ते विचारल्यावर मात्र डिपॉझिट आठ दिवसांत परत आलं.

आता तुलना, थोडक्यात. डॉक्टर : जपानमध्ये बिलाच्या ३० टक्के आपण द्यायचे, मुलीचं तर प्रभागाच्या योजनेमुळे फुकट, आणि त्याच दिवशी तपासणी. बार्सिलोनात सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत, पण त्वचेच्या डॉक्टरांसाठी मी पाच महिने थांबले. जेवण : शाकाहाऱ्यांचे हाल दोन्हीकडे. तिकडे भाजीच्या सुपात सुकवलेल्या माशाचा अर्क, इकडे मटारात हॅम. 'मांस नाही' म्हणू नका, 'हॅम नाही, मासा नाही' असं नाव घेऊन सांगा. शाळा : इथे कातालान माध्यम. स्पॅनिशवर भागेल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. प्राथमिक कातालानचे सरकारी वर्ग मोफत आहेत, पहिल्याच महिन्यात नाव घाला. नागरिकत्व : लॅटिन अमेरिकेतल्या देशांच्या नागरिकांना दोन वर्षांत अर्ज करता येतो, आपल्याला दहा वर्षांनी. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकरांना यातलं बरंचसं लागू नाही, ते युरोपीय नागरिक म्हणून येतात. ऑगस्टमध्ये इथे कुठलंही काम काढू नका.

संध्याकाळी साडेनऊला चौकात मुलं खेळत असतात आणि आमची त्यांच्यात असते, हे निशी-कासाईत कधीच झालं नसतं. त्यासाठी मी इथे अजून आहे.

तोक्यो सोडणाऱ्यांसाठी एक राहिलं. जपानचा रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो आणि १ जानेवारीला तुम्ही जिथे राहता तिथे भरावा लागतो. आम्ही फेब्रुवारीत निघालो, म्हणून २०२२ च्या पूर्ण उत्पन्नाचं बिल जूनमध्ये आलं, तेव्हा आम्ही पुण्यात होतो. डिसेंबर संपायच्या आत पत्ता रद्द करून निघालो असतो तर ते आलंच नसतं. तारीख तुमच्या हातात असेल तर ३१ डिसेंबरच्या आत निघा. नसेल तर कर भरायला तिथला एक माणूस नेमून निघा. पेन्शनमध्ये भरलेले पैसे मागायचा अर्ज निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत करा. आमचा मंजूर झाला, त्यातून २०.४२ टक्के कर कापला, तोही त्या नेमलेल्या माणसामार्फत परत मागता येतो.

आमची स्पॅनिश कार्डं २०२६ मध्ये संपतात. नूतनीकरणाचा अर्ज ६० दिवस आधीपासून करता येतो. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. ठशांसाठी या वेळी तिघंही मानरेसाला जाणार.