ताऱ्यांचं दुकान

शनिवारी सकाळी सव्वासातला मिसळवाल्याच्या घरून फोन येणं हेच मुळात विचित्र. त्या वेळी रस्सा चुलीवर उकळत असतो, पावाच्या लाद्या उतरत असतात आणि पहिलं गिऱ्हाईक दारात उभं असतं. पण फोन नानांच्या सूनबाईंचा होता; नानांच्या मिसळीचं डिजिटल मार्केटिंग मी बघते. "ताई, रात्रीतून कुणीतरी आपल्याला एकेक तारा देत सुटलंय. तुम्ही बघा तरी."

बघितलं. 4.6 चं रेटिंग 4.3 वर आलं होतं. फरक किरकोळ वाटतो, पण गुगल मॅप्सवर साडेचारच्या वरचीच ठिकाणं दाखवा असा फिल्टर असतो, आणि मुंबईहून वायनरी बघायला निघालेली मंडळी गाडीत बसल्या बसल्या तो लावतात. साडेचारच्या खाली गेलात की त्यांच्या लेखी तुम्ही नाहीच. त्यात 'नवीन आधी' असं लावून बघितलं तर वरपासून खालपर्यंत नुसते एक तारे. नानांचं ठिकाण गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आंब्याखाली खाटा, पोरांसाठी झोका, चुलीवरची मिसळ, सोबत पापड, दही आणि जिलबी. सगळा धंदा शनिवार-रविवारचा.

मी ऑफिसला पोहोचले तोवर आमच्याकडे काम करणाऱ्या पोराने सगळे रिव्ह्यू एका शीटमध्ये उतरवून ठेवले होते. चाळीसेक होते. वाचताना हसू आवरेना, आणि हसण्याची वेळही नव्हती. एकाची तक्रार, एसी चालत नाही. आंब्याच्या झाडाला एसी! दुसऱ्याला चिकन शिळं मिळालं होतं. नानांच्या चुलीवर आजवर अंडंसुद्धा चढलेलं नाही. तिसरा रात्रीच्या जेवणावर नाराज होता. दुपारी तीनला चूल विझते हो तिथली. बाकीच्यांनी नुसता तारा दिला होता, एक अक्षर न लिहिता. असे बिनशब्दांचे तारे जास्त त्रासदायक, कारण गुगलला दाखवायला हातात पुरावाच नसतो.

नऊच्या सुमाराला दुसरा हप्ता आला. नानांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर परदेशी कोडच्या नंबरवरून मेसेज: तुमच्याविरुद्ध काम करायची ऑर्डर आम्हाला मिळाली आहे, आम्ही गरीब माणसं आहोत, थोडे पैसे पाठवा, आजच सगळं काढून टाकतो, नाहीतर उद्या शंभर येतील. भाषा अगदी गोड, वर नमस्काराचे हात जोडलेले.

नानांचा व्यवहार सरळ होता. "किती मागतोय? देऊन मोकळे होऊ. कुत्र्याला भाकरी टाकली की भुंकायचं थांबतं."

"आणि उद्या त्याच वेळी परत दारात येतं," सूनबाई म्हणाल्या. त्या बाईंना मी तेव्हाच मनातल्या मनात दहा तारे दिले.

या धंद्यात असल्या वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. पैसे द्यायचे नाहीत, मेसेजला उत्तर द्यायचं नाही, काही डिलीट करायचं नाही. स्क्रीनशॉट घ्यायचे, नंबर आणि वेळ दिसेल असे. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार. भारतीय न्याय संहितेत कलम 308 खंडणीचंच आहे. एकेक रिव्ह्यू रिपोर्ट करायचा, आणि पैसे मागितले असतील तर त्यासाठी गुगलने वेगळा फॉर्म ठेवलाय, तो भरायचा. हे सगळं आम्ही केलं. फक्त त्याला दिवस लागतात, आणि नानांचा शनिवार चालू होता.

म्हणून मी ग्रुपवर टाकलं. आमचा नाशिकच्या डिजिटल मार्केटिंगवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एजन्सीवाले, फ्रीलान्सर, क्लासमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं. कामं तिथेच फिरतात. कुणाला वेबसाइटवाला हवा, कुणाला रील एडिट करणारा; 'सर म्हणाले म्हणजे माणूस चांगला' एवढ्यावर व्यवहार होतात. सर म्हणजे अ‍ॅडमिन. कॉलेज रोडला त्यांचे क्लास आहेत, आणि मी नवीन असताना मला पहिला क्लायंट त्यांनीच दिला होता. फी न घेता, कमिशन न घेता. हे मी विसरत नाही.

त्याच ग्रुपवर दर दोन दिवसांनी 'सपोर्ट करा' म्हणून लिंक येते. तुम्ही माझ्या क्लायंटला पाच तारे द्या, मी तुमच्या क्लायंटला देतो. ज्या दातांच्या दवाखान्याची पायरी कधी चढलो नाही, त्याच्या डॉक्टरांचा हात हलका आहे असं लिहायचं. मी यात कधी पडले नाही, त्यामुळे ग्रुपवर माझं नाव राजा हरिश्चंद्र. चेष्टेत म्हणतात, पण म्हणतात.

उत्तरं भराभर आली. "मॅम, शंभर पॉझिटिव्ह मारा, हे खाली ढकलले जातील." "एकदम नको, ड्रिप ठेवा, रोज पाच-पाच, म्हणजे संशय येत नाही." 'पोलिसात जा' म्हणणारे दोघंच. मग सरांचा वेगळा मेसेज: "माझ्याकडे पॅनेल आहे. इंडियन प्रोफाइल, नॉन-ड्रॉप. तुझ्यासाठी कॉस्ट टू कॉस्ट." सोबत नमुना म्हणून एका दवाखान्याच्या रिव्ह्यूंचा स्क्रीनशॉट, आधी आणि नंतर.

पॅनेल म्हणजे काय हे बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. एक साइट असते. तिथे लॉगिन करायचं, पैसे भरायचे, लिंक टाकायची, किती लाइक, किती फॉलोअर, किती रिव्ह्यू ते निवडायचं. पलीकडे कोण बसलंय हे घेणाऱ्याला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं. 'नॉन-ड्रॉप' म्हणजे गुगलने उडवले तरी भरून देऊ. असली पॅनेलं एकमेकांकडूनच माल घेतात; नाशिकचा कुणाकडून घेतो, तो दिल्लीच्या कुणाकडून, असं वर वर जातं.

सरांचा तो स्क्रीनशॉट मी बंद करणार, तेवढ्यात आमचा पोरगा म्हणाला, "थांबा ताई. हा पिवळ्या जॅकेटवाला बघा."

तळ्याकाठी पिवळं जॅकेट घालून उभा असलेला माणूस. सरांच्या नमुन्यात त्याने दवाखान्याला पाच तारे दिले होते. आमच्या शीटमध्ये तोच फोटो, तेच नाव, एक तारा. एसी न चालल्याची तक्रार त्याचीच. त्याचं प्रोफाइल उघडलं. एकाच आठवड्यात हा माणूस जयपूरला टाइल्स घ्यायला गेला होता, कोइमतूरला त्याने ढेकणांचं औषध मारून घेतलं होतं, नाशकात दात काढला होता आणि धरणाच्या रस्त्याला एसीविना घामाघूम झाला होता. पाच, पाच, पाच, एक. मग आम्ही बाकीची नावं काढत बसलो. दवाखान्याच्या स्क्रीनशॉटमधली आणखी तीन नावं आमच्या यादीत सापडली.

सर नानांकडून खंडणी मागत होते का? नाही. ते मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ते ज्या दुकानातून पाच तारे आणत होते, त्याच दुकानातून कुणीतरी एक तारे आणले होते. एकीकडे मोडायची ऑर्डर, दुसरीकडे जोडायची, आणि दोन्हीकडून गल्ला एकाचाच भरतो.

पण मग नानाच का? त्या रस्त्याला मिसळवाले काय कमी आहेत? मी त्यांचे जुने रिव्ह्यू उलटे वाचत गेले. दोन वर्षांपूर्वीच्या एका आठवड्यात वीसेक पाच तारे लागोपाठ, सगळे बाहेरगावचे, सगळे 'नाइस सर्व्हिस'. काम हातात घेताना मी त्या ताऱ्यांबद्दल विचारलं होतं, तेव्हा नानांनी विषय बदलला होता. आता सूनबाईंनीच सांगितलं. माझ्याआधी जो मुलगा काम बघायचा, त्याने ते पॅकेजमध्ये दिले होते. म्हणजे नानांची लिंक तेव्हाच कुठल्यातरी पॅनेलच्या यादीत गेली असणार. रेटिंगसाठी खिशात हात घालतो अशा माणसाची लिंक. खंडणी मागणाऱ्याला याहून चांगली यादी कुठे मिळेल? सिद्ध करता येणार नाही हे, पण मला दुसरं कारण दिसत नाही.

दुपारी मी नानांकडे गेले. गर्दी होती, पण नेहमीची नव्हती. गल्ल्याजवळच्या बाकावर बसून मी सांगितलं, आपण एक तारे खोटे म्हणून कळवतोय, तर ते वीस पाच तारेही आपणच कळवायचे.

"आपलेच तारे आपणच काढायचे?" नानांचा आवाज चढला. "ताई, तुम्ही माझ्या बाजूच्या का त्याच्या?"

मी त्यांना आधी धंद्याचं सांगितलं, कारण नीतीच्या गोष्टी गल्ल्याजवळ चालत नाहीत. खोटे रिव्ह्यू गुगलच्या ध्यानात आले तर ते काही काळ नवे रिव्ह्यू बंद करतात, जुने झाकतात, आणि 'या ठिकाणचे खोटे रिव्ह्यू काढले आहेत' अशी पाटी प्रोफाइलवर लावतात. नानांनी विचारलं, कायद्यात बसतं का हे. रिव्ह्यू कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 19000 हे मानक 2022 मध्ये आलं. ते ऐच्छिक म्हणून आलं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि विकत घेतलेली तारीफ ही जाहिरातच झाली, असं कुणी म्हटलं तर आपल्याकडे उत्तर काय? अमेरिकेत तर 2024 पासून खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं दोन्हींवर सरळ बंदी आहे. आमच्या ग्रुपवरचे निम्मे लोक तिथल्या क्लायंटची कामं करतात आणि याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

नाना गप्प होते. सूनबाईंनी गल्ल्यावरचा फोन उचलला आणि म्हणाल्या, "कुठे दाबायचं ते दाखवा." भिंतीवर 'रिव्ह्यू द्या, जिलबी फ्री' असा बोर्ड होता, तोही त्यांनी मला विचारून उतरवला. रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं गुगलला चालत नाही. नुसतं 'रिव्ह्यू द्या' म्हणायला हरकत नाही. नानांनी जिलबी फ्रीच ठेवली, म्हणाले, बोर्ड गेला म्हणून पोरांची जिलबी का जावी.

संध्याकाळी मी दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले. दवाखान्याचं नाव झाकलं, सरांचंही लिहिलं नाही. फक्त चार प्रोफाइल, इकडे पाच तारे, तिकडे एक. खाली एक ओळ: आपण ज्यांच्याकडून विकत घेतो, ते आपल्याच क्लायंटवर उलटतायत.

पाच मिनिटांत सरांचा फोन. रागावले नव्हते, ते जास्त जड गेलं. "अगं, मी फक्त पॅनेल वापरतो. मागे कोण बसलंय मला काय माहीत?"

"सर, तुम्ही त्यांना क्लायंटची लिंक देता ना?"

"देतोच. त्याशिवाय काम कसं होणार?"

"मग त्यांच्याकडे तुमच्या सगळ्या क्लायंटची यादी आहे."

यावर ते थांबले, मग म्हणाले, "पोस्ट काढ. ग्रुपचं वातावरण बिघडतं. नवीन मुलं घाबरतात. मी पर्सनली बघतो." मी नाही म्हटलं. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्यांनी केला. त्यानंतर ग्रुपवर कुणीतरी रीलचं एडिटिंग कितीला करता असं विचारलं आणि गाडी रुळावर आली.

मला मात्र रात्री अकरापर्यंत वेगवेगळे मेसेज येत राहिले. ग्रुपवर तोंड न उघडलेली माणसं. "ताई, आमच्या एका हॉटेललाही असंच आलंय, बघता का?" एकाने पंचवटीतल्या लॉजची लिंक पाठवली, 2027 च्या सिंहस्थाच्या आधी रेटिंग वाढवून घ्या म्हणून मालकाला कुणीतरी गाठलं होतं, आणि 'नको' म्हटल्यावर आठवड्यात एक तारे सुरू झाले होते. आमचा पोरगा घरी जायला तयार होईना. पिवळं जॅकेट आणखी कुठे सापडतं यात त्याला भलताच रस आला होता.

सर अजून भेटले की चहा पाजतात. कामं पाठवायचं त्यांनी बंद केलंय. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. पंधरा-वीस मुलांचे पगार त्या पॅकेजांवर चालतात हे मला दिसतं. पण त्यांना तो प्रश्न फोनवर थांबण्याइतपत पटला होता, आणि तरी पोस्ट गेली, हे मला खटकतं ते खटकतंच.

नानांचे एक तारे पुढच्या दोन आठवड्यांत बरेचसे उडाले, बिनशब्दांचे काही राहिले. खंडणीवाल्याचा मेसेज पुन्हा आला नाही. आणि ते वीस पाच तारे, जे खोटे आहेत असं आम्ही स्वतः हात जोडून कळवलं होतं? गुगलला त्यात नियमभंग सापडला नाही. ते आहेत तिथेच आहेत. त्यातल्या एकाने 'डॉक्टरसाहेब फार प्रेमळ, अजिबात दुखलं नाही' असं लिहिलंय. बहुधा लिंक चुकली असावी. सूनबाईंनी त्याच्या खाली मालकाकडून उत्तर टाकलं: "आमच्याकडे डॉक्टर नाहीत. मिसळ आहे, दुपारी तीनपर्यंत."