स्टार स्क्रू

जुन्या धातूच्या वस्तू ओळखणं, त्यांचा काळ ठरवणं आणि जमेल तेवढी डागडुजी करणं हे माझं काम. समोरच्याचा चेहरा पडेल असं बोलायची वेळ त्यात वरचेवर येते.

त्या दिवशी एक बाई रुमालात गुंडाळून इस्त्री घेऊन आल्या. जेमतेम तळहाताएवढी. बिडाची, दोन्ही टोकं निमुळती, वर लाकडी मूठ. नाव ना गाव, फक्त २ हा आकडा.

"पणजीची आहे. दोनशे वर्षांची असेल ना?"

आकडा आधी निकालात काढला. असा सुटा आकडा सालाचा नसतो, बहुतेक वेळा आकारमानाचा असतो. मग मुठीवरची कळ ओढली आणि मूठ अलगद हातात आली. दोनशे वर्षं तिथेच संपली! अखंड बिडाच्या इस्त्रीची मूठही चुलीवर तापायची, फडक्याशिवाय धरता यायची नाही. सुट्या लाकडी मुठीचं पेटंट अमेरिकेतल्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांना १८७१ साली मिळालं. एक मूठ, तीन इस्त्र्या. एक फिरतेय तोवर बाकीच्या चुलीवर. अर्थात पेटंटचं साल म्हणजे वस्तूचं साल नव्हे. पुढे कैक वर्षं तसा माल निघत राहतो. हे पटवताना माझ्या नाकी नऊ येतात.

मुठीची पट्टी भिंगाखाली धरली आणि थबकलो. स्टार स्क्रू! फुलीच्या खाचेचा हा स्क्रू आलाच १९३०च्या दशकात. "नक्कल दिसतेय," मी बोलून गेलो. बाई काही न बोलता रुमाल उलगडू लागल्या.

इस्त्री परत देताना उलटी झाली, तेव्हा तळ दिसला. खरं तर तो आधी बघायला हवा होता. वापरून गुळगुळीत, कडा झिजलेल्या, आणि एका टोकाला तपकिरी पापुद्रा: जळलेली खळ. शोभेच्या नकलेवर खळ कशाला जळेल? खेळण्यातलीही नव्हे, एवढी झीज भातुकलीत होत नाही. कॉलर, झालरी, बाळाची झबली यांच्यासाठीच इतकी लहान इस्त्री.

"जरा थांबा." स्क्रू काढला. पट्टीखालच्या जुन्या भोकाभोवती गंजाचं काळपट कडं होतं आणि त्याच भोकात नव्या, जाड स्क्रूने स्वतःचे आटे पाडले होते. म्हणजे नवा होता तो फक्त स्क्रू.

"मूठ डगडगायची," बाईंना आठवलं, "बाबांनी आवळून दिली होती."

माझ्या डब्यात सरळ खाचेचा जुना स्क्रू होता. बसवू का, विचारलं.

"नको. तोच राहू दे."

तोच परत आवळला. कागदावर लिहून दिलं: इस्त्री १८७१ नंतरची, रोजच्या वापरातली. स्क्रू मागाहून, घरी बसवलेला.